हस्त आणि त्रिशंकू यांच्यामध्ये

वैशाखातील निरभ्र रात्री, नऊ-दहाच्या सुमारास, अक्राणी तालुक्यात जेथे सातपुड्याचा माथा दक्षिणेकडे उतरत उतरत शहाद्या-तळोद्याच्या सपाटीला मिळतो, तेथल्या एखाद्या मोकळ्या कड्यावरून पाहणाऱ्यास तापीच्या खोऱ्यावर ओणवलेला आकाशाचा जो भाग दिसतो, तो उत्तरेकडील पुष्कळ देशांच्या वाट्याला जन्मभर येत नाही. वर चित्रेच्या उजव्या अंगाला हस्ताचा लहानसा चौकोन असतो, खाली क्षितिजाला जवळजवळ टेकलेला त्रिशंकू असतो, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात नरतुरंगाचे तारे पसरलेले असतात. त्यांपैकी गॅमा या अक्षराने ओळखला जाणारा दुसऱ्या प्रतीचा तारा क्षितिजापासून सुमारे एकोणीस अंश उंचीवर सहज सापडतो. त्याच्या पश्चिमेस दोन-अडीच अंशांवर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही; पण प्रस्तुत लेखाचा विषय नेमका त्याच रिकाम्या जागेत आहे.

तेथे, आपल्यापासून सुमारे साडेचार हजार प्रकाशवर्षांवर, एक न्यूट्रॉन तारा सेकंदास ५९३ वेळा स्वतःभोवती फिरत आहे. न्यूट्रॉन तारा म्हणजे एखाद्या प्रचंड ताऱ्याचे इंधन संपल्यावर, त्याचा गाभा स्वतःच्याच भाराखाली कोसळून आणि बाहेरील थर स्फोटात उधळून गेल्यावर, मागे उरलेला अवशेष होय. सूर्याच्या जवळजवळ दीडपट द्रव्य त्यात असते आणि व्यास मात्र वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे नंदुरबार शहर आणि तापीकाठचे प्रकाशा यांच्यामधल्या अंतराएवढा; त्यामुळे त्याच्या अंतर्भागातील एका घनसेंटीमीटरात दहा कोटी टनांहून अधिक वस्तुमान कोंबलेले असते. अशा अवशेषात नवी उष्णता निर्माण करणारी भट्टी उरलेली नसते. शास्त्राच्या दृष्टीने तो मेलेला तारा. परंतु अस्तंभ्याच्या डोंगरावर अश्वत्थामा अद्याप हिंडतो असे मानून दिवाळीत रात्रीची चढण चढणाऱ्या मुलखाला, मेलेले काही पुरते मेलेले नसते ही कल्पना फारशी परकी वाटू नये.

न्यूट्रॉन तारे तेजस्वी होतात ते मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण जन्मजात उष्णतेचे. स्फोटानंतर शेकडो-हजारो वर्षे त्यांचा पृष्ठभाग लाखो अंश तप्त राहतो, आणि इतक्या तप्त वस्तूचा बहुतेक प्रकाश डोळ्यांना दिसणाऱ्या तरंगांत नव्हे, तर क्ष-किरणांत बाहेर पडतो. दुसरे कारण शेजाऱ्याचे. पुष्कळ न्यूट्रॉन तारे एकटे नसून त्यांच्याभोवती एखादा साधा सहचर तारा फिरत असतो; सहचराच्या पृष्ठावरील वायू ओढला जाऊन न्यूट्रॉन ताऱ्याभोवती चकतीच्या आकाराने घिरट्या घालू लागतो, आणि शेवटी त्यावर आदळतो. या आदळण्यातून प्रत्येक ग्रॅम द्रव्यामागे जेवढी ऊर्जा सुटते, ती सूर्याच्या पोटात हायड्रोजनच्या संमीलनातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे वीसपट भरते. असा वर्षाव चालू असतो तोवर तो तारा क्ष-किरणांच्या आकाशात दीपस्तंभासारखा झळकतो. पण वर्षाव नेहमीच अखंड चालत नाही. कधी काही आठवडे, कधी वीस-बावीस वर्षे चालून तो अकस्मात थांबतो, आणि ताऱ्याचे तेज हजारपटीने, कधी लाखपटीने उतरते. अशा वेळी ज्याला त्या ताऱ्यात रस राहत नाही तो ज्योतिर्विद अर्ध्या वाटेवरून परतला असे माझे स्पष्ट मत आहे, कारण झळाळी असते तोवर आपण पाहत असतो ते मुख्यतः कोसळणाऱ्या वायूचे रूप. तारा स्वतः कसा आहे, हे वायू दूर झाल्यावरच कळू लागते.

पृथ्वीवरून हे पाहण्याची सोय नाही. वातावरण क्ष-किरणांना पूर्णपणे अडवते, आणि ते तसे अडवते म्हणूनच आपण जिवंत आहोत, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. १८ जून १९६२ रोजी रिकार्दो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतून सोडलेल्या अग्निबाणाने वातावरणाबाहेर काढलेल्या काही मिनिटांत वृश्चिक राशीतला पहिला क्ष-किरण तारा सापडला. त्या कामाबद्दल जाकोनींना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस हैदराबादेहून सोडलेल्या मोठ्या बलूनांना क्ष-किरणांचे शोधक बांधून हीच वाट धरली. विश्वकिरणांसाठी बलून उडवण्याचा रिवाज भाभांच्या काळापासून त्या संस्थेत होताच. पण चाळीसएक किलोमीटर उंचीवर गेलेल्या बलूनावरही हवेचा एवढा थर शिल्लक असतो की फक्त अतितीव्र क्ष-किरण तेथवर पोहोचतात. निवत चाललेल्या ताऱ्याच्या पृष्ठाचे जे सौम्य क्ष-किरण, ते त्या पातळ हवेतही जिरून जातात. त्यासाठी उपग्रहच हवा, आणि तोही अतिशय नितळ आरशांचा.

तसा उपग्रह २३ जुलै १९९९ रोजी अमेरिकेने सोडला आणि सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘चंद्रा’ ठेवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात युरोपचा ‘एक्सएमएम-न्यूटन’ वर गेला. या दोहोंनी मंद ताऱ्यांचा बारकाईने अभ्यास शक्य केला. मंद म्हणजे किती मंद, याची कल्पना सामान्य वाचकाला सहसा दिली जात नाही म्हणून सांगतो : अशा ताऱ्याकडे चंद्रा टक लावून बसला असता तासाला क्ष-किरणांचे जेमतेम चार-पाच कण त्याच्या शोधकावर पडतात, आणि कधी तेवढेही नाही. प्रत्येक कण कोणत्या क्षणी आला आणि केवढी ऊर्जा घेऊन आला, एवढीच नोंद होते. अशा शे-दोनशे नोंदींवरून ताऱ्याच्या पृष्ठाचे तापमान काढायचे असते. आणि या टक लावण्यासाठीसुद्धा आगाऊ लेखी अर्ज करावा लागतो, त्याची छाननी होते, मंजुरी मिळाली तर ठरावीक तास पदरी पडतात. जगभरातून येणारे अर्ज उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट असल्यामुळे, निवणाऱ्या ताऱ्याकडे पुनःपुन्हा, वर्षावर्षांच्या अंतराने, पाहण्याची मुभा मिळवणे हे स्वतःच एक चिकाटीचे काम ठरते.

या चिकाटीचे फळ कसे असते, त्याचा उत्तम दाखला म्हणजे ‘केएस १७३१-२६०’ हा तारा. १९८९ साली सोविएत ‘मीर’ स्थानकावरील दुर्बिणीने तो शोधला, तेव्हापासून तो सुमारे साडेअकरा वर्षे झळकत होता आणि २००१ च्या आरंभी एकाएकी विझला. अवघ्या काही आठवड्यांत रूडी वेनांट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्राची दृष्टी तिकडे वळवली. पुढील वर्षांत पुनःपुन्हा मोजणी झाली, आणि तारा दृष्टीदेखत निवत असल्याचे दिसून आले. न्यूट्रॉन ताऱ्याला सुमारे एक किलोमीटर जाडीचे घन कवच असते. वरून पडणाऱ्या द्रव्याच्या भाराने या कवचात खोलवर अणुकेंद्रांच्या प्रक्रिया घडतात आणि ते आतून तापते. वर्षाव थांबला की कवचाची ही उसनी उष्णता आत गाभ्याकडे आणि बाहेर पृष्ठाकडे वाहू लागते. किती वेगाने वाहते हे कवचाच्या घडणीवर अवलंबून असते : अणुकेंद्रे स्फटिकासारखी नीट रांगेत असतील तर उष्णता झपाट्याने निघून जाते, रचना विस्कळीत असेल तर निवण्यास दशके लागावीत. केएस १७३१ काही वर्षांतच पुष्कळसा निवला. अर्थात त्याचे कवच नीटनेटक्या स्फटिकाचे असले पाहिजे. ज्या पदार्थाचा एक कण कोणत्याही प्रयोगशाळेत कधी येणार नाही, त्याची उष्णतावाहकता मोजण्याचा हा प्रकार मला विसाव्या-एकविसाव्या शतकांतील भौतिकशास्त्राच्या अत्यंत देखण्या करामतींपैकी एक वाटतो.

पुढे या यादीत आणखी तारे आले. ‘एमएक्सबी १६५९-२९’ २००१ साली विझला, निवत गेला, आणि २०१५ मध्ये पुन्हा पेटून दोनेक वर्षांनी परत विझला, त्यामुळे एकाच कवचाची चाचणी दोनदा घेता आली. ‘ईएक्सओ ०७४८-६७६’ हा १९८५ पासून २००८ पर्यंत अखंड जळत राहिला, सोळा वर्षे मंद राहिला, आणि २०२४ साली पुन्हा उजळला. शर्मिष्ठेतील अकरा हजार प्रकाशवर्षांवरील स्फोटावशेषाच्या मध्यभागी चंद्राने पहिल्याच चित्रात जो ठिपका दाखवला, तो तर सहचर नसलेला, स्फोटानंतर पुरती साडेतीनशे वर्षेही न झालेला न्यूट्रॉन तारा निघाला. त्याचे तापमान नऊ-दहा वर्षांत चार टक्क्यांनी घटल्याचे क्रेग हाइन्के आणि विन हो यांनी २०१० साली जाहीर केले, आणि त्याच्या गाभ्यात न्यूट्रॉनांचे अतिप्रवाही द्रव्य तयार होत असून त्यामुळे न्यूट्रिनोंवाटे उष्णता भराभर निसटते, असा अर्थ सैद्धांतिकांनी लावला. पुढे उपकरणाच्या जीर्णतेचा हिशेब अधिक काटेकोरपणे केल्यावर ही घट कमी भरते, असा आक्षेप निघाला. वाद चालू आहे आणि तो चालू असणेच रास्त आहे, कारण चार टक्क्यांची घट ताऱ्यातली आणि चार टक्क्यांची घट शोधकातली, यांत भेद करणे हे मोठे नाजूक काम आहे.

आता नरतुरंगातील आपल्या ताऱ्याकडे वळू. त्याचे नाव ‘एक्सएसएस जे १२२७०-४८५९’. अमेरिकेच्या ‘रॉसी’ उपग्रहाने एका लक्ष्याकडून दुसऱ्या लक्ष्याकडे वळताना वाटेत जे आकाश नजरेखालून गेले, त्याच्या नोंदींतून हा क्ष-किरण उगम प्रथम हाती लागला. आरंभी त्याची दफ्तरी नोंद भलत्याच खात्यावर झाली : सहचराकडून वायू ओढणारा श्वेत बटू, अशी. श्वेत बटू म्हणजे सूर्यासारख्या लहान ताऱ्याचा अवशेष, न्यूट्रॉन ताऱ्यापेक्षा पुष्कळच विरळ. ही नोंद काही वर्षे खपली. मग त्याच जागेवरून फर्मी उपग्रहाला गॅमा किरण येताना दिसले, आणि श्वेत बटूंच्या तसल्या जोड्यांकडून इतके चिवट गॅमा किरण अपेक्षित नसल्यामुळे नोंदीत फेरफार करणे भाग पडले. तेथे न्यूट्रॉन तारा असावा, अशी शंका बळावली. पण शंका ती शंकाच राहिली. रेडिओ दुर्बिणींनी स्पंदने शोधून पाहिली, ती मिळाली नाहीत.

मग २०१२ साली १४ नोव्हेंबर आणि २१ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हातरी तो तारा मंदावला. कोणी त्या वेळी तिकडे पाहत नव्हते. सुमारे वर्षभराने सीस बासा, अलेस्सांद्रो पात्रुनो आदी संशोधकांनी जुन्या-नव्या नोंदी जुळवल्या तेव्हा ध्यानात आले की क्ष-किरण दसपटीहून अधिक घटले आहेत, गॅमा किरणही उतरले आहेत, आणि दृश्य प्रकाशाच्या वर्णपटात वायूच्या चकतीची साक्ष देणाऱ्या ज्या तेजोरेषा होत्या, त्या नाहीशा झाल्या आहेत. चकतीच नाहीशी झाली होती. आणि चकती गेली म्हणजे, न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकीय ध्रुवांवरून निघणारे रेडिओ झोत ज्या वायूमुळे आजवर दबून राहिले होते, तो अडसरही गेला असला पाहिजे, असे अनुमान निघाले.

या अनुमानाची शहानिशा महाराष्ट्रात झाली. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची, पंचवीसएक किलोमीटरांच्या परिसरात पसरलेली, या कामाला दोन कारणांनी सोयीची होती. एक म्हणजे तिचे अक्षांश. युरोपातील मोठ्या दुर्बिणींना हा तारा क्षितिजावर येतच नाही. खोडदहून तो दक्षिणेला बावीस अंशांपर्यंत चढतो. दुसरे म्हणजे अशा स्पंदकांचे, म्हणजे फिरता फिरता ठरावीक अंतराने रेडिओ झोत आपल्याकडे टाकणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे, रेडिओ तेज लांब तरंगांत अधिक असते, आणि ही दुर्बीण त्याच तरंगांसाठी बांधलेली. अडचणीही थोड्या नव्हत्या. तबकड्या क्षितिजाच्या फार जवळ झुकवता येत नसल्यामुळे हा तारा दिवसातून चारएक तासच नजरेच्या टप्प्यात राहतो; त्याच्या जोडीची प्रदक्षिणा मात्र सहा तास पंचावन्न मिनिटांची. म्हणजे एका बैठकीत पूर्ण फेरी कधीच पाहायला मिळत नाही, आणि त्यातही कक्षेच्या बऱ्याच भागात सहचरापासून उधळलेला वायू मध्ये येऊन स्पंदने झाकली जातात. एवढ्या आडकाठीतून राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे जयंता रॉय आणि त्यांच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांना ६०७ मेगाहर्ट्झवर १.६९ मिलिसेकंदांचे स्पंदन सापडले, आणि २०१५ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तारा क्ष-किरणांत झळकत होता तोवर जी ओळख त्याने दिली नव्हती, ती त्याने मंदावल्यावर दिली. मागाहून फर्मीच्या गॅमा किरणांतही त्याच आवर्तनाचे स्पंदन निघाले.

या शोधाचे महत्त्व कळण्यासाठी तीसएक वर्षे मागे जावे लागते. १९८२ साली डोनाल्ड बॅकर यांच्याबरोबर काम करताना श्रीनिवास कुलकर्णी (कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा त्यांचा जन्म) यांनी सेकंदास ६४२ वेळा फिरणारा पहिला मिलिसेकंद स्पंदक शोधला, तेव्हा एवढी गती आली कोठून, हा प्रश्न उभा राहिला. कारण स्पंदक वयाबरोबर मंदावतात, वेगवान होत नाहीत. त्याच वर्षी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी, आणि स्वतंत्रपणे अली अल्पर आदींनी, उत्तर सुचवले : म्हातारा, जवळजवळ थांबलेला न्यूट्रॉन तारा सहचराचा वायू ओढू लागतो, आणि चकतीतून फिरत फिरत येणारा तो वायू आपली गती त्याला देत देत, कोट्यवधी वर्षांत, त्याला पुन्हा भिरभिरवतो. उत्तर सुरेख होते, पण वायू ओढणारा क्ष-किरण तारा आणि भिरभिरणारा रेडिओ स्पंदक हे एकाच ताऱ्याचे दोन काळ आहेत, याचा प्रत्यक्ष पुरावा दीर्घकाळ नव्हता. २००७ साली सापडलेला ‘जे १०२३+००३८’, २०१३ मध्ये ‘एम २८’ तारकागुच्छात काही आठवड्यांच्या आत दोन्ही रूपे दाखवणारा दुसरा, आणि नरतुरंगातील हा तिसरा, या तिघांनी तो पुरावा दिला. स्थित्यंतर कोट्यवधी वर्षांत एकदाच घडते असे नसून तारा या दोन अवस्थांमध्ये ये-जा करू शकतो, हेही त्यांनीच दाखवले, आणि हे कोणाच्या गणितात नीट बसलेले नव्हते.

या साऱ्यात आपल्या स्वतःच्या उपग्रहाचा वाटा काय, असे कोणी विचारील. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरील क्ष-किरणांची मुख्य उपकरणे मुंबईतील टाटा संस्थेत घडली, सौम्य क्ष-किरणांची दोन मीटर नाभीय अंतराची दुर्बीण के. पी. सिंग यांच्या नेतृत्वाखाली, सोन्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांपासून, आणि तिचा शोधक इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या साह्याने. उजळ ताऱ्यांच्या क्षणोक्षणीच्या चढउतारांची मोजणी या उपग्रहाने नामी केली आहे. परंतु विझलेल्या ताऱ्यांच्या कामी त्याची झेप मर्यादित आहे हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे : त्याचे मोठे वायुशोधक प्रतिमा काढत नाहीत, एका अंशाच्या चौकोनातून येणारे सगळे क्ष-किरण एकत्र मोजतात, आणि तासाला चार कण देणारा तारा त्या कोलाहलात हरवून जातो. तारा पेटला असता तो कसा जळतो, हे ॲस्ट्रोसॅट सांगतो. विझल्यानंतरचे काम चंद्रा आणि न्यूटन यांच्याकडे जाते. हे दोन्ही उपग्रह पंचवीस वर्षांच्या वर जुने झाले आहेत, आणि त्यांच्या जागी तितक्या नितळ आरशांचा नवा उपग्रह अजून वर गेलेला नाही.

जे १०२३ या ताऱ्याने जून २०१३ मध्ये उलट वाट धरली. त्याची रेडिओ स्पंदने थांबली, चकती परत आली, क्ष-किरण वाढले. नरतुरंगातील तारा केव्हातरी तसेच करील अशी अपेक्षा आहे. कधी, याचा अंदाज आजच्या सिद्धांतांना करता येत नाही. काही महिन्यांत होईल किंवा आणखी वीस वर्षांनी. तसे झाले तर ठराविक पाळीने चाललेल्या एखाद्या रेडिओ निरीक्षणात, सहचराच्या वायूने झाकले जाण्याचा काळ नसताना आणि यंत्रात दोष नसताना, १.६९ मिलिसेकंदांचे स्पंदन मिळणार नाही. मग निकडीचा अर्ज जाईल आणि उपग्रह तिकडे वळवले जातील.